घरचं चार्जिंग स्लो झालंय, ३.३ ऐवजी २.१ किलोवॅटच दाखवतंय – ७.२ चा वॉल बॉक्स घेऊ का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते म्हणजे परत परत माहिती विचारायला नको. माझी गाडी ३० किलोवॅट-अवर बॅटरीवाली, तिसरं वर्ष चालू आहे, गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर १५ अँपिअरच्या पॉइंटला लावते. आजवर रात्री नऊला २० टक्क्यांवर लावली की सकाळी सहाला १०० झालेली असायची. दिवाळीपासून मात्र सहाला बघावं तर ७५, फार तर ७७. अ‍ॅपवर २.१ किलोवॅट दिसतंय.

मला कराडहून कोल्हापूरला कॉलेजात जावं लागतं, जाऊन येऊन दीडशे किलोमीटर होतात आणि हायवेला गाडी बॅटरी जास्त खाते हे तुम्हाला माहीतच आहे, त्यामुळे ७५ वर निघायचं म्हणजे येताना वाटेत चार्जिंगला थांबणं आलंच. सर्व्हिस सेंटरला दाखवली, बॅटरी ठणठणीत आहे म्हणाले, गाडीत काही एरर नाही. तिथल्याच एकाने सुचवलं की ७.२ किलोवॅटचा वॉल बॉक्स (भिंतीवरचा चार्जर) बसवून घ्या, अर्ध्या वेळात काम होईल. खर्च बराच आहे, म्हणून आधी इथे विचारतेय. घेऊ का? की आणखी काही तपासायला हवं?

नाशिकचा_ईव्हीवाला

ताई, वॉल बॉक्सचे पैसे आधी थांबवा.

आपण ज्याला चार्जर म्हणतो, म्हणजे ती वायर आणि मधला डबा, तो खरं तर चार्जर नाहीच. तो फक्त गाडीला सांगतो की इथून इतके अँपिअर घेता येतील, आणि सप्लाय चालू-बंद करतो. एसीचं डीसी करणारा खरा चार्जर गाडीच्या आत असतो, ऑनबोर्ड चार्जर म्हणतात तो. तुमच्या गाडीत तो ३.३ किलोवॅटचा असेल (३० च्या बॅटरीवाल्या बऱ्याच गाड्यांना तोच आहे, माहितीपुस्तकात बघून खात्री करा) तर बाहेर ७.२ चा लावा नाहीतर ११ चा, गाडी ३.३ च्या वर एक वॅटही घेणार नाही. ७.२ म्हणजे २३० व्होल्टला ३२ अँपिअर, तुमची गाडी त्यातले १५ च घेणार. तर अर्ध्या वेळात होईल हे तुमच्या गाडीला लागू नाही.

आता खरा प्रश्न, २.१ का? सुरुवातीपासून २.१ असतं की आधी जास्त असतं आणि मग पडतं? हे सांगा, यावरच सगळं आहे. लावल्या लावल्याच २.१ दिसत असेल तर कुठेतरी १० अँपिअरचं सेटिंग झालंय, काही पोर्टेबल चार्जरच्या डब्यावर बटण असतं, काही गाड्यांत स्क्रीनवर असतं, २१० व्होल्ट गुणिले १० अँपिअर बरोबर २.१ होतात. संध्याकाळी कमी आणि रात्री बारानंतर आपोआप वाढत असेल तर तुमच्या भागातलं व्होल्टेज. आणि सुरुवातीला चांगलं असून अर्ध्या-पाऊण तासाने पडत असेल आणि मग रात्रभर तसंच राहत असेल तर काहीतरी गरम होतंय.

(९५ च्या पुढे चार्जिंग हळू होतं ते नॉर्मल आहे, बॅटरीचं मॅनेजमेंट सेल बॅलन्स करत असतं, ते यात धरू नका.)

वायरमन_सांगली

वर दादांनी बरोबर सांगितलंय. मी परवानाधारक वायरमन आहे, गेल्या काही वर्षांत गाड्यांचे पॉइंट भरपूर काढलेत, त्यामुळे एकच आधी सांगतो. आज रात्री गाडी लावल्यावर अर्ध्या तासाने चार्जरच्या पिनटॉपला (सॉकेटमध्ये घालतो त्या प्लगला) पाठीमागून हात लावून बघा, बोर्डालाही लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच बंद करा, रात्रभर चालू ठेवू नका. पिना काढून बघा, एखादी काळी किंवा निळसर पडली असेल किंवा सॉकेटचं प्लास्टिक पिवळं झालं असेल तर तो पॉइंट गेला समजा.

आणखी एक, पॉइंट तोच आहे का जो पहिल्यापासून होता?

कृष्णाकाठची

धन्यवाद दोघांनाही. वॉल बॉक्सचं कळलं, पुस्तकात बघितलं, ३.३ च आहे.

वायरमनदादा, पॉइंट तोच नाही. आधी गाडी पोर्चमध्ये असायची, मीटरच्या अगदी शेजारी. दिवाळीत मागच्या बाजूला पत्र्याची शेड केली, गाडी आता तिकडे असते. तिकडचा पॉइंट वॉशिंग मशीनच्या बोर्डातून पुढे नेलाय, भिंतीवरून पट्टी मारून. मीटरपासून शंभर-एक फूट तरी होईल. ज्यांनी केलं ते म्हणाले १५ चा पॉइंट आहे, १५ ची गाडी आहे, काही होत नाही.

काल रात्री दर दहा मिनिटांनी अ‍ॅप बघत बसले. नऊला लावली तेव्हा २.८ होतं, पावणेदहाच्या सुमाराला एकदम २.१ झालं आणि झोपेपर्यंत तेच. पिनटॉप बराच गरम होता, हात ठेवता येत होता पण नकोसा वाटत होता. पिना स्वच्छ आहेत, त्यातल्या त्यात एक किंचित काळपट.

वायरमन_सांगली

झालं, सापडलं जवळपास. तुमच्या चार्जरच्या पिनटॉपमध्ये टेम्परेचर सेन्सर असणार, बऱ्याच पोर्टेबल चार्जरना असतो. पिन ठराविक तापमानाच्या वर गेली की तो स्वतःहून करंट कमी करतो, म्हणून पाऊण तासाने पडलं. म्हणजे चार्जर बिघडलेला नाही, तो तुमचं घर वाचवतोय.

पण २.८ सुद्धा का, ३.३ का नाही, हा वेगळा भाग आहे, तो व्होल्टेजचा. गाडी करंट ठराविकच ओढते, त्यामुळे पॉइंटवर व्होल्टेज जितकं पडेल तितके वॅट कमी मिळतात. तुमच्या जवळच्या वायरमनला बोलवा, क्लॅम्प मीटर आणि मल्टीमीटर घेऊन यायला सांगा, आणि रीडिंग घ्यायचं ते गाडी चार्जिंगला असताना. हे महत्त्वाचं आहे कारण बिनलोडचं व्होल्टेज सगळीकडे चांगलंच येतं, अगदी जळक्या जॉइंटच्या पुढेसुद्धा २२८ दाखवतं आणि लोक म्हणतात व्होल्टेज ओके आहे. चार रीडिंग हवीत: मीटरपाशी गाडी बंद आणि चालू, शेडच्या पॉइंटला गाडी चालू, आणि तिथेच न्यूट्रल-अर्थिंग, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थिंगच्या मधलं व्होल्टेज, किती येतं ते. पॉइंटमध्ये चार्जर अडकवलेला असताना मीटरच्या पिना कुठे लावायच्या असा प्रश्न पडतो, तर त्याच बोर्डात ५ अँपिअरचा जो छोटा सॉकेट असेल तिथे मोजायचं, वायर तीच असते. हे सगळं तुम्ही स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या.

नागपूरकर७५

आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर-एसीमुळे व्होल्टेज असंच पडतं, आम्ही ५ केव्हीएचा स्टॅबिलायझर बसवला शेडमध्येच, मस्त चालतंय. ताईंनी पण तेच करावं, वायरिंग उकलत बसण्यापेक्षा सोपं.

वायरमन_सांगली

भाऊ, तुमच्याकडे लाईनलाच व्होल्टेज कमी असेल आणि घरची वायर जाड असेल तर चालून जाईल. पण ताईंच्या केसमध्ये हा सल्ला धोक्याचा आहे. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवतो ते फुकट नाही वाढवत, तेवढा जास्त करंट मागून ओढतो. तो शेडमध्ये बसवला तर पातळ वायरमधून आणखी करंट जाणार, वायर आणखी तापणार, व्होल्टेज आणखी पडणार. अ‍ॅपवर आकडा छान दिसेल आणि भिंतीत आग लागायची तयारी होईल. आधी वायर, मग बाकीचं.

कृष्णाकाठची

आज संध्याकाळी ओळखीचे वायरमन येऊन गेले. रीडिंग देते. मीटरपाशी गाडी बंद असताना २२८, गाडी लावल्यावर २२१. शेडमध्ये गाडी लावलेली असताना २०३. करंट १४ अँपिअर. न्यूट्रल-अर्थिंग ९ व्होल्ट, गाडी बंद केली की १ च्या खाली. पट्टी उघडली तर वायर दीड एमएमची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची) निघाली. एमसीबी २० चा आहे आणि तो एकदाही पडलेला नाही, त्यामुळे घरचे म्हणतायत की वायरवर लोड नसेलच. यावरून काय कळतं?

वायरमन_सांगली

ताई, तुम्ही फार चांगली रीडिंग आणलीत, यात सगळं आहे. नीट सांगतो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

२२८ चे शेडमध्ये २०३ झाले, म्हणजे २५ व्होल्ट वाटेत गेले. त्यातले ७ व्होल्ट मीटरच्या आधीच, म्हणजे खांबापासून तुमच्या घरापर्यंत. राहिलेले १८ तुमच्या घरातल्या वायरिंगमध्ये. १८ गुणिले १४ म्हणजे अडीचशे वॅट. ही वीज गाडीत जातच नाही, भिंतीत उष्णता होऊन जाते आणि तुम्ही तिचं बिल भरता.

आता दीड एमएम तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण १२ ओहम असतो. शंभर फुटाला ०.३७, त्याला १४ ने गुणा, ५ व्होल्ट. जाताना ५ आणि न्यूट्रलने येताना ५, झाले १०. मग उरलेले ८ व्होल्ट कुठे गेले? इथे तुमचं न्यूट्रल-अर्थिंगचं रीडिंग कामाला येतं. ते ९ आलं, म्हणजे न्यूट्रलच्या बाजूला एकूण ९ व्होल्ट पडतायत: ५ घरातल्या वायरचे आणि बाकीचे खांबाकडच्या लाईनचे. हिशोब जुळतो, न्यूट्रल ठीक आहे. म्हणजे जास्तीचे जे जातायत ते सगळे फेजच्या बाजूला. फेजच्या वायरला कुठेतरी जॉइंट ढिला आहे. माझ्या मते वॉशिंग मशीनच्या बोर्डात जिथून पुढे वायर काढलीय तिथेच, नाहीतर त्या बोर्डाच्या स्विचमध्ये. ७ व्होल्ट धरले तरी १४ अँपिअरला शंभर वॅट होतात. जुना शंभरचा पिवळा बल्ब आठवा, हात लावता यायचा नाही त्याला, तो बंद डब्यात रात्रभर जळतोय असं समजा.

एमसीबीचं म्हणाल तर तो पडणारच नाही. एमसीबी करंट जास्त झाला की पडतो. ढिल्या जॉइंटमुळे करंट वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. त्यामुळे जॉइंट वितळेपर्यंत एमसीबीला पत्ताही नसतो. शिवाय दीड एमएमच्या वायरला २० चा एमसीबी हेच चुकीचं आहे, एमसीबी वायर सांभाळायला असतो, त्या वायरला १० चा, फार तर १६ चा हवा. मशीन तासभर चालतं आणि तेही मधूनमधून हीटर घेतं, तिथे हे खपून जातं. गाडी सलग आठ-नऊ तास पूर्ण करंट ओढते. घरात असं दुसरं कुठलंच उपकरण नाही, गीझरसुद्धा पाणी तापलं की कट होतो. म्हणून १५ चा पॉइंट आहे म्हणजे झालं, हे गाडीला लागू पडत नाही.

आजपासून शेडमध्ये गाडी लावू नका. काम होईपर्यंत पोर्चच्या जुन्या पॉइंटला लावा, वाकडी उभी करावी लागली तरी. आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नाही.

कृष्णाकाठची

वाचून पोटात गोळा आला. ते मशीनचं बोर्ड आईच्या खोलीच्या भिंतीला लागून आहे. गाडी आत्ताच पोर्चमध्ये आणून लावली. उद्या बोर्ड उघडायला सांगते. नवीन वायर टाकायची तर कुठली टाकू, आणि अजून काय काय करून घेऊ, एकदाच नीट करायचंय.

वायरमन_सांगली

मीटरजवळच्या डीबीतून (एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डातून) थेट वेगळी लाईन, मध्ये कुठेही जॉइंट नाही, दुसरं कुठलंही उपकरण त्यावर नाही. ४ एमएम तांबं चालेल, शंभर फुटाला ४ व्होल्टच पडतील. पण मी तुम्हाला ६ सांगेन. फरक वायरच्या किमतीपुरता आहे, मजुरी आणि पाईप तेवढेच लागतात, आणि पुढे कधी ३२ अँपिअरवाली गाडी आली तर भिंत परत फोडायला नको. पट्टी नको, पाईपातून न्या, शेडमधला भाग पावसाचा आहे.

त्या लाईनला २० चा एमसीबी आणि ३० मिलीअँपचा टाईप ए आरसीसीबी (करंट गळाला की सप्लाय तोडतो तो). शेडमध्ये साधा स्विच-सॉकेट बसवण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा जाड पितळी कॉन्टॅक्टचा १६ चा सॉकेट घ्या, पिन घट्ट बसली पाहिजे. सैल सॉकेट हे पिन तापायचं नंबर एक कारण आहे. जुनं सॉकेट काढून टाका, पिन काळी पडलीय ती पॉलिश पेपरने हलकी साफ करा, आणि नवीन सॉकेटमध्येही अर्ध्या तासात तापली तर मात्र चार्जरचा पिनटॉप बदलावा लागेल. वायरची टोकं स्क्रूखाली नुसती पिळून घालू नका म्हणावं, लग (टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) मारून घट्ट करा आणि महिन्याभराने गाडी बंद असताना एकदा परत आवळून घ्या.

अर्थिंगची वायर पण नवीन न्या. तुमचं अर्थिंग चांगलं दिसतंय कारण लोड नसताना १ च्या खाली येतंय. ज्यांचं अर्थिंग कच्चं असतं त्यांचा चार्जर लाल दिवा लावून बंदच पडतो, आणि मग काही महाभाग न्यूट्रललाच अर्थिंगची पिन जोडून देतात, ते कुणीही करू देऊ नका, न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल.

नाशिकचा_ईव्हीवाला

वायरमनदादा, तुमची पोस्ट मी सेव्ह करून ठेवतोय. ताई, एक भर घालतो. बिलावर मंजूर भार किती आहे ते बघा. जुन्या घरांचा २ किलोवॅट वगैरे असतो, गाडीच एकटी ३.३ आहे, वर एसी, गीझर. भार वाढवण्याचा अर्ज ऑनलाईन करता येतो. आणि स्लो चार्जिंगमध्ये नुसता वेळच नाही जात, गाडीचा कॉम्प्युटर आणि कूलिंग पंप तितके तास जास्त चालू राहतात, त्यामुळे युनिटही थोडे जास्तच जातात.

घोडबंदर_रोड

थोडं विषयांतर, पण इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. आमची सोसायटी, माझा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आणि पार्किंग दुसऱ्या बेसमेंटला. मीटर रूमपासून वायर न्यायची तर ताईंच्या दुप्पट अंतर होईल. माझ्याच मीटरवरून घेऊ की वेगळा मीटर मागू? कमिटी म्हणते घरचा मीटर गाडीला वापरता येत नाही.

नाशिकचा_ईव्हीवाला

कमिटीला चुकीची माहिती आहे. घरी स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करायला परवानगी आहे आणि त्याला घरगुतीच दर लागतो, केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या गाइडलाइनमध्ये तसं आहे. दुसरं, वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या फेब्रुवारीत दुरुस्ती झाली, त्यानुसार गाडीसाठी वेगळं कनेक्शनही मागता येतं. कोणतं परवडेल ते तुमच्या युनिटवर आहे. घरगुती दराला १००, ३००, ५०० अशा पायऱ्या आहेत, गाडीचे युनिट मिळवून तुम्ही ३०० च्या पुढे गेलात की वरचा प्रत्येक युनिट महाग. ईव्हीच्या वेगळ्या दराला पायऱ्या नसतात पण स्थिर आकार वेगळा येतो. वर्षभराची बिलं समोर घेऊन हिशोब करा. अंतर दुप्पट आहे तर ६ एमएमच्या खाली विचार करू नका, आणि केबल डक्टमधून न्यायची परवानगी कमिटीकडून लेखी घ्या, तोंडी नको.

वायरमन_सांगली

बेसमेंटला पाणी तुंबतं, त्यामुळे सॉकेट कमरेच्या वर लावा. बाकी बरोबर.

कृष्णाकाठची

काम झालं, सांगायला आले. मशीनचं बोर्ड उघडलं तेव्हा मी शेजारीच उभी होते. फेजची वायर नुसती पिळून टेप गुंडाळलेली, टेप वितळून बोर्डाला चिकटली होती, लाल वायर वीतभर तपकिरी होऊन कडक झालेली, वायरमननी नखाने दाबलं तर इन्सुलेशनचा तुकडा गळून पडला. आईला दाखवलं तर ती म्हणाली आठ दिवस खोलीत जळका वास येत होता, तिला वाटलं शेजारी पाचोळा जाळतायत.

डीबीतून ६ एमएमची नवीन लाईन घेतली, पाईपातून, वेगळा एमसीबी आणि आरसीसीबी, सॉकेट नवीन. काल रात्री साडेअकराला गाडी लावलेली असताना शेडमध्ये २१८ होते, अ‍ॅपवर सरळ ३ च्या पुढे आणि सकाळपर्यंत तेच. पिनटॉप कोमट. २० वर लावलेली गाडी सकाळी भरलेली होती.

एकच उरलंय. संध्याकाळी सात ते दहा मीटरपाशीच २०८-२०९ येतं, गाडी न लावतासुद्धा. आमचं घर लाईनच्या शेवटी आहे, पुढे प्लॉटिंग झालंय आणि सगळे त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर). तेव्हा चार्जिंग २.८ वर येतं. सध्या गाडीत टायमर लावून अकराला सुरू करते पण मग दीडशे किलोमीटरच्या दिवशी सहापर्यंत पूर्ण भरत नाही.

वायरमन_सांगली

छान झालं ताई, आईंच्या खोलीचं टळलं ते सगळ्यात महत्त्वाचं.

संध्याकाळचं ते लाईनचं दुखणं आहे, त्यात घरात काही करायचं नाही. २३० ला सहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे २१६ च्या खाली येणं नियमात बसत नाही. आठवडाभर रोज सात, आठ, नऊला मीटरपाशी मोजून तारीख-वेळेसकट लिहून ठेवा, मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा. मग महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवून नंबर घ्या आणि त्याच नंबरचा उल्लेख करून सब-डिव्हिजनला लेखी अर्ज द्या. एकटीने देऊ नका, त्या डीपीवरच्या चार-सहा घरांच्या सह्या घ्या, ग्राहक क्रमांकासकट. डीपीवरचा लोड फेजनिहाय तपासून द्या अशी मागणी करा, बऱ्याचदा सगळी नवीन घरं एकाच फेजवर टाकलेली असतात आणि लाईनमनने दोन-तीन कनेक्शन दुसऱ्या फेजवर घेतली की त्याच दिवशी फरक पडतो. डीपीची क्षमताच अपुरी असेल तर वेळ लागतो, तोवर कोल्हापूरच्या आदल्या दिवशी गाडी दुपारी घरी आल्याबरोबर दोन-तीन तास लावून घ्या, दुपारी तुमच्याकडे व्होल्टेज चांगलं असणार.

कृष्णाकाठची

शेजारच्या दोन घरांत मोटर चढत नाही म्हणून तेही वैतागलेत, ते सही देतील. रविवारपासून रीडिंग घ्यायला सुरुवात करते, अर्ज कसा लिहायचा ते अडलं तर इथेच विचारेन.